विचारून बसणाऱ्या बाई

कोथरूडहून माझ्या सॉफ्टवेअर कंपनीकडे जाणाऱ्या बसमध्ये त्या बाई रोज भेटत. मेंदूवर संशोधन करायच्या आणि रुग्णाच्या मेंदूच्या बाबतीत काय करावं, काय करू नये, हे कॉलेजात शिकवायच्या. शेजारची जागा रिकामी असली तरी "बसू का?" विचारूनच बसत. खिडकी लावायलाही मागच्या-पुढच्यांची परवानगी घेत. कंडक्टर म्हणायचा, "बाई, श्वास घ्या हो, त्याला विचारावं लागत नाही."

एकदा मी सहज सांगितलं, की पक्षाघातानं बाबांची वाचा गेलीय, त्यांना लोणी काळभोरच्या वृद्धाश्रमात ठेवतोय.

"त्यांना विचारलंत?"

"त्यांना काही कळत नाही हो."

"बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, हे कोणी ठरवलं?" एवढं बोलून त्या पिशवीतला पेरू खाऊ लागल्या. अर्धा मला दिला, अर्थात विचारूनच.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान स्पष्ट नकारार्थी हलवली.

हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. रविवारी त्यांना तिकडे सोडून आलो. सोमवारपासून मी वीस मिनिटं आधीची बस धरली. तिच्यात शेजारी बसताना कोणी काही विचारत नसे.