पहिली पाळी तुळशीरामच्या बांधीला

कंपनीत गोंदियाकडचे आम्ही दोघेच. मी नायक, तुळशीराम लान्स नायक. सकाळी स्टँड-टूला मोर्चात सज्ज उभं राहायचं, मग हत्यारांची सफाई, मग पाण्याचे जेरीकॅन वर वाहायचे. वाहताना तो पूर्वजांनी खोदलेल्या तलावाबद्दल बोलायचा. "इटियाडोह धरणाच्याही आधीचा," म्हणायचा. गावाचं नाव मी कधी विचारलं नाही.

लढाई पेटली. समोरच्या डोंगराच्या रिजवर एलएमजी मशीनगन न्यायची होती. सीनियर मी, पण प्लाटून कमांडर साहेबांनी तुळशीरामला पाठवलं आणि माझ्या हाती रेडिओ दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"एलएमजी पोझिशनमध्ये. ओव्हर." रेडिओवर तुळशीरामचा आवाज.

"रॉजर. फायर."

रिज आमच्या ताब्यात आली. मग शत्रूचं शेलिंग सुरू झालं.

"स्प्लिंटर लागला. पोटात. ओव्हर."

वर जायला वाट उरली नव्हती. साहेब म्हणाले, "तू त्याच्या मुलखाचा. त्याला बोलतं ठेव." आम्ही आमच्या बोलीत बोललो. उजाडता उजाडता तो गप्प झाला.

त्याला मेडल मिळालं. मी हवालदार होऊन पेन्शनवर आलो, गोंदियाजवळ कुडव्यात घर बांधलं. मेलेल्याचा हेवा करू नये हे मला कळतं. तरी वाटायचा.

गेल्या वर्षी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, मोटरसायकल काढली आणि त्याचं गाव शोधत इटियाडोहाकडची गावं पालथी घातली. एका तलावाच्या काठावर म्हातारा बसला होता.

"तुळशीराम फौजी? त्याचंच गाव हे जी. तलावाचं पाणी सोडलं का पहिली पाळी त्याच्या बांधीले. कोणी कुरकुर करत नाही."

माझी धानाची बांधी कालव्याच्या शेपटाला. पाण्यासाठी चुलतभावाशी दरवर्षी भांडण. जिवंत परतलेल्याला ही गत, आणि याला पहिली पाळी. मी जळलो. तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

त्याची बायको सुमनबाई बांधीतच होती. मी ओळख सांगितली. हात धुऊन ती शेताच्या कडेच्या धुऱ्यावर आली.

"इतके साल काऊन नाही आले?"

"गाव माहीत नव्हतं. अन् यावंसंही वाटत नव्हतं."

"आमाले सांगतलं, गोळा पडला अन् जागीच गेला."

"नाही. उजाडेपर्यंत माझ्याशी बोलत होता."

"काय बोलला?"

"तलावात शिंगाडे लावायचे म्हणाला. तुमच्या भाजीत मीठ जास्त असते म्हणाला."

ती हसली नाही. "लगन झाल्यावर दोनच सुट्ट्या भेटला तो मले. अन् त्याची आखरी रात तुमाले भेटली. जीव जळून राहिला माहा."

माझा हेवा करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

"बसा," ती म्हणाली. "सबन सांगा. काही सोडू नका."

मी आठवेल ते सगळं सांगितलं, त्याच्या शेवटच्या वाक्यापर्यंत.

"मंग?"

"मग तो बोलला नाही."

"अन् तुमी?"

"मी बोलतच होतो."