एका हाताचा कीबोर्ड

प्राची नेमकं काय काम करते, हे वणीत कुणाला धड सांगता येत नाही. मलाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी तिची शेजारीण, रजनीकाकू. दुपारी चहाला जावं, तर ही आपली स्क्रीनकडे बघत बसलेली. एकदा चिडून विचारलं, तेव्हा तिनं समजावलं. संगणकाच्या अगदी आतल्या भागाला कर्नेल म्हणतात. आपण कोणतं बटण दाबलं हे त्याला कळवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे कीबोर्डचा ड्रायव्हर. जगभरातले लोक त्यात फेरफार सुचवतात, आणि दुसऱ्या कुणी वाचून, चालवून पाहिल्याशिवाय ते आत घेत नाहीत. हे तपासायचं काम प्राची करायची, तेही फुकट. पोटापाण्यासाठी क्लासमध्ये शिकवायची.

तिला हा नाद लागला तो वडिलांमुळे. देवरावांच्या डाव्या हाताची बोटं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशीनमध्ये गेली. मालकानं त्यांना वजनकाट्याच्या संगणकावर बसवलं, पण एका हातानं नावं टाइप करेपर्यंत बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि शिव्या ऐकाव्या लागायच्या. प्राचीनं कुठून तरी एका हातानं चालवायचा परदेशी कीबोर्ड मिळवला, त्याचा बिघडलेला ड्रायव्हर दुरुस्त केला, आणि देवराव असे सुटले की गाडीवाले खाली उतरून बघत उभे राहायचे.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. कापूसच नाही तर जिनिंग कशाला? मालकानं कुलूप लावलं आणि संगणक भंगारात काढला, कीबोर्डासकट. प्राची भंगारवाल्याकडे धावली, तर माल नागपूरला गेलेला. कीबोर्ड बनवणारी कंपनीही केव्हाच बंद पडलेली. देवराव मात्र आशेवर होते. मारेगावच्या एका जिनिंगवाल्यानं पुढच्या हंगामात कामाचं बघू म्हटलं होतं, आणि तोवर तसलाच दुसरा कीबोर्ड मिळेल, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

त्यातच मेल आला. कुणीतरी तो जुना ड्रायव्हर नव्या पद्धतीनं लिहून प्राचीकडे तपासायला पाठवला होता. दिलेल्या मुदतीत खऱ्या कीबोर्डावर चालवून पाहा, वापरणारं कुणी उरलं नसेल तर काढूनच टाकू, असं त्यात होतं. काढला, तर पुढे तसला कीबोर्ड मिळाला तरी तो नव्या संगणकावर चालणार नव्हता. वाचतानाच तिला एक जागा खटकली. दोन बटणं एकदम दाबली तर एक अडकून राहील, असं तिला वाटत होतं. पण पाहायचं कशावर?

मी म्हटलं, दे ठोकून तपासलं म्हणून, तिकडून कोण येतंय बघायला? मला त्या लोकांचा रागच आला होता. ती म्हणाली, "काकू, उद्या कोणाचं बटण अडकलं, तर तो माह्या नावावर भरवसा ठेवून बसलेला राहीन."

मुदत संपायच्या दिवशी तिनं उत्तर लिहिलं. देवराव शेजारी बसले होते, मीही चहाला गेले होते. त्यांनी ते मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. तिनं वाचलं. हा कीबोर्ड वापरणारं माझ्या माहितीत आता कुणी नाही, ड्रायव्हर काढायला माझी हरकत नाही.

देवराव खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "मी आहो ना, पोरी. माह्यं नाव लिही ना."

"पण कीबोर्ड कुठी आहे, बाबा?"

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला, बोटं पसरून. प्राची त्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता सगळं पुसून टाकेल, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. तिनं मेल होता तसाच पाठवला. थोड्या वेळानं कुणा परक्या माणसाचं उत्तर आलं: आभारी आहे, काम सोपं झालं.