पाण्याखालचं दार
आज सुतारानं घराच्या, पावसानं फुगलेल्या जुन्या सागवानी दारावर रंधा मारला आणि त्या ओलसर वासानं माझं डोकं पुन्हा तापलं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जादूच्या जगावरची माझी पहिली कादंबरी तेव्हा नुकतीच आली होती आणि भोरच्या वाचनालयात मी तिच्यातला उतारा वाचत होतो: गाव धरणात बुडालंय आणि पाण्याखाली, उघड्या दारात नायिका शंभर वर्षं प्रियकराची वाट बघत उभी आहे. टाळ्या पडल्या. तेवढ्यात गुंजवण्याकडची, धरणात घर गेलेली एक बाई मागून ताडकन उठली. "पान्याखाली दार कुठनं आलं ओ? आमी दारं मागं ठिवत न्हाई. आमच्या मालकांनी गुडघाभर पान्यात हुबं राहून चौकट उपसली, टेम्पोत घातली, मंग मला हाक मारली. तुमच्या गड्याचं एवढं प्रेम हुतं, तर दार कसं सोडून गेला?" लोक हसले. "मावशी, ही कल्पना आहे!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. "व्हय, मंग नीट करा की," म्हणत ती चपला घालून निघून गेली. कित्येक दिवस मी तिच्या नावानं चरफडत होतो. आता संताप माझाच येतो, कारण तिचं बरोबर आहे हे मला तिथंच कळलं होतं आणि तरी पुढच्या प्रत्येक आवृत्तीत मी ते दार तसंच राहू दिलं. वाचकांना आवडतं ना ते!