यांच्यासाठी आलेली बिच्छू घास

मैत्रिणींनो, आज यांच्या जुन्या पलटणीतले गढवाली नेगीजी घरी आले. रजेवरून बबीनाच्या छावणीत परतताना ओल्या फडक्यात बिच्छू घास, म्हणजे तिकडचा डोंगरी झोंबरा पाला, घेऊन आले. ती अंगाला लागली की नुसती आग होते, पण त्यांच्या गावी जुन्या गुडघेदुखीवर तिचेच फटके देतात.

“भाभीजी, साहब को बुलाइए, आज दौड़ाकर छोड़ेंगे!”

मलमांना कंटाळून यांनीच ती मागवली होती. हे उन्हाळ्यात गेले. नेगीजींना कळवायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

सांगितलं तेव्हा ते उंबऱ्यावरच बसले. जाताना म्हणाले, “रख लीजिए, घुटने तो आपके भी दुखते हैं।”

दुखतातच. पण यांच्यासाठी आलेली घास स्वतःला लावायला हात धजावत नाही, आणि ती सुकत चालली आहे. तुम्ही काय केलं असतं?