माइकची पिन माझ्या हातात होती

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात पंचांगसुद्धा सुट्ट्या बघायला आणायचे! त्यामुळे वाचून हसायचं तर खुशाल हसा... मीही हसतच सांगतोय.

साल ८६ असेल, नाहीतर ८७. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, जोडीला लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचो. मे महिन्यात जयगडच्या वाटेवरच्या एका वाडीतून यशवंतदादा आले. हा माणूस मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना डबल बास वाजवायचा — माणसाहून उंच, खर्जातलं व्हायोलिनच म्हणा. वाडीच्या पूजेला चाकरमानी जमले होते आणि दादांना तिथे वाजवायचं होतं, फक्त वडिलांसाठी.

"रेडिओवर गाणं लागलं की मी आबांना सांगायचो, ह्यात मी आहे," दादा म्हणाले. "ते कान लावायचे आणि विचारायचे, 'गानारी ऐकू येते, पेटी ऐकू येते... मंग तू थितं करतोस तरी काय रं?' आता नव्वदीला आले, कानही गेले. एकदा तरी ऐकू दे रे त्यांना."

म्हातारपणी बारीक आवाज आधी जातो, जाड बराच काळ टिकतो, एवढं मला ठाऊक होतं. म्हटलं, ऐकवतोच!

बोलायला काय जातंय! कर्ण्यातून खर्ज निघत नाही, म्हणून मोठा स्पीकर बॉक्स टेम्पोत घातला. गाण्याचा माइक वाद्याच्या भोकासमोर धरला तर असा हंबरला की गोठ्यातली म्हैस उत्तर द्यायला लागली. वाडी खो खो हसली, माझं डोकं फिरलं. लांब धरला तर माणसांचा कालवाच जास्त. शेवटी एक जुना बारीक माइक काढला, त्याला उशीतला स्पंज गुंडाळला आणि तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, तिच्या दोन पायांमध्ये खोचला. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. दादांनी एक तार छेडली... अहाहा! काय गोल आवाज! मी स्वतःवरच खूश झालो.

वाजवण्याआधी गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या वाडीच्या वतीने देवाला साकडं. ते घालायचा मान आबांचा, आणि गाऱ्हाण्याला यंत्र चालू नको ही त्यांची अट. "देव भैरा न्हाय, मी हाय!" म्हणाले. म्हणून मी माइकची पिन अॅम्प्लिफायरमधून उपटून हातात धरली. बास चटईवर आडवा ठेवलेला. सगळ्यांचे हात जोडलेले.

"बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरं आज जमली हायत..."

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

"त्यांना सुखरूप मुंबैस पोचव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आनि ह्या माज्या यशवंताच्या हाताला यश..." आबा तिथेच अडकले. पुढचं निघेना. त्यामुळे वाडीचं 'व्हय म्हाराजा'ही राहिलं.

आणि बॉक्समधून आलं — घुम्म... घुम घुम घुम्म. अगदी 'व्हय म्हाराजा'च्या चालीत!

मी दादांकडे बघितलं, त्यांचे हात जोडलेलेच. बासपाशी कोणी नाही. पिन माझ्या मुठीत.

आबा गर्रकन वळले. "कोन बोललं?"

त्यांना ऐकू आलं होतं! दादांनी बासकडे बोट केलं. म्हाताऱ्याने वाकून त्या लाकडावर पंजा ठेवला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "अरे लबाडा! समदी गातात आनि तू खालून व्हय म्हनतोस व्हय!"

मग दादा तासभर वाजवत होते. आबा बॉक्सला पाठ लावून बसलेले, मान डोलावत. इतका आनंदी मांडव मी पुन्हा पाहिला नाही.

घरी येऊन मी अॅम्प्लिफायर पूर्ण खोलला. आमच्या धंद्यातल्या चार जणांना विचारलं. कोणी मांडवाच्या पत्र्यावर ढकललं, कोणी अर्थिंगवर. पिन काढल्यावर त्या वाटेने आवाज येत नाही, आजही पैजेवर सांगेन. तरी तो आला, आणि का आला ते मला माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा टेम्पो वाडीतून निघाला तेव्हा आबा थांब्यावर दादांना सोडायला आले होते. एसटीच्या कंडक्टरला अडवून, लेकाकडे बोट करून छाती काढून सांगत होते, "ह्यो माजा झील. सिनेमात व्हय म्हनायला असतो!"