घोड्याचा कापलेला शेंडा

सखारामभाऊ गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा माझी बहीण अनसूया ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप खालीसुद्धा ठेवलं नाही. "गेला का? इतका जगला तेच लई झालं," म्हणाली आणि खडे वेचत राहिली. मी अंत्ययात्रेला गेलो नाही. कोट चढवला होता, टोपी घातली होती... आणि तसाच खाटेवर बसून राहिलो.

सखारामभाऊ पलटणीत हत्यारं दुरुस्त करायचे. महायुद्ध संपल्यावर पेन्शन घेऊन कासारवाडीला आले आणि परवाना काढून स्टेशनाजवळ बंदुका दुरुस्तीचं दुकान थाटलं. मी पिंपरीच्या एका कारखान्यात कारकून. सुट्टी झाली की सायकल लावून तिथे चहाला टेकायचो. माणूस भारी खवट. गिऱ्हाइकानं हत्यार पुढे केलं की आधी दरडावणार, "नळीचं तोंड भिंतीकडं!" मग उघडून आत गोळी राहिली नाही ना ते डोळ्यानं बघायचे आणि पुन्हा गोळ्यांच्या एकेका घराला करंगळी लावून चाचपायचे. "डोळा खोटं बोलतो राव, बोट नाही बोलत." सहा घरांचं पिस्तूल असेल तर गोळ्या पाचच भरायला लावायचे. गोळीवर आपटणारा घोडा ज्या घरावर टेकतो ते रिकामं असलं, म्हणजे पिस्तूल पडलं-आपटलं तरी बार उडत नाही. एवढं पाठ म्हणून दाखवल्याशिवाय ते कुणाला हत्यार परत देत नसत.

अनसूयेचे मालक, आमचे दाजी, निघोज्याचे पोलीस पाटील. त्यांचं पिस्तूल जुनं. दर बाराला अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा. त्या घोड्याचा लांब शेंडा बंडीच्या खिशात अडकायचा. दाजी एकदा पिस्तूल घेऊन माझ्याबरोबर दुकानात आले. "निम्मा कापून टाका की. दर टायमाला खिसा फाटतोय."

"आणि चढवलेला घोडा बार न काढता उतरवताना अंगठ्याला पकड कुठली?" सखारामभाऊ म्हणाले. "त्यापेक्षा कमरेला चामड्याचं म्यान शिवून घ्या."

दाजींना ते पटलंही होतं. मधे तोंड घातलं ते मी. या दुकानात माझा शब्द किती चालतो ते मेहुण्याला दाखवायचं होतं, दुसरं काही नाही. "भाऊ, माझ्या शब्दाखातर करा. घरचं काम आहे." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि करवत उचलली...

पुढच्या सुगीला ज्वारीत रानडुक्कर शिरलं. दाजींनी घोडा चढवला, तोवर डुक्कर पळालं. घोडा उतरवताना घामेजलेला अंगठा त्या तोकड्या शेंड्यावरून सटकला. गोळी मांडीत. बैलगाडीतून चाकणला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पिस्तुलात गोळ्या पाचच भरलेल्या होत्या, शिकवल्याप्रमाणे.

चौकशीत फौजदारानं विचारलं, "कापायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. हात माझा," सखारामभाऊ म्हणाले. मी दोन पावलांवर उभा होतो.

परवाना गेला, दुकान गेलं. ते दुसऱ्याच्या दुकानात सायकलींची पंक्चरं काढायला लागले. अनसूया माझ्याकडे राहायला आली आणि गेली सहा वर्षं उठता-बसता त्यांना शिव्याशाप देत राहिली. "त्या मेल्यानं माझं कुंकू पुसलं." मी ताटावर मान घालून जेवत होतो. सखारामभाऊ समोरून दिसले की रस्ता बदलत होतो. एकदा गाठ पडलीच. "भाऊ, मी तिला सांगतो," म्हणालो. "सांगा, जमलं तर," ते म्हणाले. जमलं नाही. तिला आता माझ्याशिवाय कोण आहे, असं मनाशी म्हणायचो. भित्र्याला कारणं कमी पडत नाहीत.

तेरावा झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी तपकिरीची एक डबी माझ्यापुढे ठेवली. "तुमची वस्तू आहे म्हणाले. तुम्हालाच द्यायला सांगितलंय." आत तो कापलेला शेंडा होता. तेल लावून ठेवलेला, गंजाचा एक ठिपका नाही. मी करंगळीनं तो चाचपून बघितला.

डबी माझ्या ट्रंकेत, धोतरांच्या तळाशी आहे. अनसूयेला वाचता येत नाही. दर रविवारी वर्तमानपत्राची ही पुरवणी मीच तिला वाचून दाखवतो, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. हे इथे छापून आलं की तुम्ही सगळे वाचाल. कुणी शेजाऱ्यानं तिला सांगितलं तर सांगो बापडा. मी मात्र या पानाशी आलो की ते उलटेन आणि पुढचं वाचायला घेईन... मला माझी हिंमत ठाऊक आहे.