दोर तुटला नव्हता

"काकांनी पारखलेला दोर तुटला, म्हणून बाबा कड्यावरून पडले," असे माझा पुतण्या चारचौघांत सांगतो. तो तेव्हा पाळण्यात होता.

काल पोलादपूरच्या दुकानात नव्या नायलॉनच्या दोराचा रॉकेलसारखा वास आला आणि नाते गावातल्या आमच्या अंगणातली ती सकाळ समोर उभी राहिली. आंब्याच्या फांदीवरून दोर सोडून मी त्याला भाताची दोन पोती टांगली होती. माझा धाकटा भाऊ दत्ता हसत होता. "दादा, मी काय दोन पोत्यांचा हाय काय रे?"

"घसरलास की होशील," मी म्हणालो. पोती दुपारपर्यंत लोंबकळत राहिली. दोराचा एक पेडही उसवला नाही.

दुसऱ्या दिवशी शिवथरच्या वरच्या कड्यावर, उरलेली वाट सोपी वाटल्यामुळे, दत्ताने कमरेची गाठ स्वतःच सोडली. मी ओरडलो. नंतर मी रडलो की नाही, हे आठवत नाही. आता आठवूनही काही वाटत नाही.

वाडीतल्या चौघांनी बांबूला घोंगडीची डोली केली, तोच दोर तिच्याभोवती गुंडाळून दत्ताला खाली आणले, आणि त्या अख्ख्या दोरात जोडाची एकही गाठ मारावी लागली नाही.